निमाडचा मामा आणि त्याच्या घरच्या बायका

राखी पौर्णिमा झाली की अठरा-एकोणीस दिवसांत गणपती येतात आणि त्यांच्या पाठोपाठ गौरी. भावाने बहिणीकडे जायचे, लेकीबाळींना माहेरी बोलवायचे, असे हे दिवस. याच दिवसांत आपल्या निमाडातला एक भाऊ मानलेल्या बहिणीच्या घरी राखी बांधून घ्यायला गेला आणि तिथेच पकडला गेला. साल १८८९, तारीख ११ ऑगस्ट. तो भाऊ म्हणजे तंट्या भिल्ल, सगळ्या सातपुड्याचा तंट्यामामा.

तंट्यामामांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठीत बाबा भांड यांची 'तंट्या' ही कादंबरी आहे, हिंदीत पुस्तके आहेत, निमाडीत गाणी आहेत. त्यांनी सावकारांची कोठारे कशी फोडली, पोलिसांना कसे हुलकावले, हे बऱ्हाणपूर-खंडव्याच्या पोराटोरांनाही ठाऊक असते. पण बंडखोर पुरुष रानात गेला की मागे घर उरते. त्या घरात आई असते, बायको असते, बहीण असते. त्यांचे काय झाले, हे फारसे कोणी विचारत नाही. या लेखात आम्ही तेवढेच विचारणार आहोत.

तंट्यामामांचा जन्म १८४० च्या सुमाराचा, खंडवा जिल्ह्यातल्या पंधाना भागातील बडदा गावचा. तेव्हा आपले बऱ्हाणपूरही त्याच निमाड जिल्ह्यात होते आणि कचेरी खंडव्याला होती. जमिनीच्या वादातून पाटील-सावकारांशी वैर आले. १८७४ मध्ये वाईट चालीचा माणूस म्हणून पहिली कैद झाली. १८७८ मध्ये पुन्हा धरून खंडव्याच्या तुरुंगात टाकले, तर अवघ्या तीन दिवसांत ते साथीदारांसह भिंत ओलांडून पसार झाले. तिथून पुढची अकरा वर्षे निमाड, होळकरांचा मुलूख आणि आसपासची राने इंग्रजांनी पिंजून काढली, पण मामा हाती लागले नाहीत.

अकरा वर्षे रानात राहायचे म्हणजे काय, याचा जरा हिशेब मांडून पाहावा. रोज भाकरी लागते. अंगाला कपडा लागतो. ताप आला तर कोणाच्या तरी ओसरीवर पडून राहावे लागते. पोलीस गावात आले आहेत, हा निरोप वेळेवर पोचावा लागतो. हे सगळे जंगल देत नाही, घरे देतात. आणि घरात चुलीपुढे कोण बसते, पाण्याला नदीवर कोण जाते, सरपणाच्या निमित्ताने रानात कोण शिरते, हे सांगायला नको. अकरा वर्षांच्या त्या बंडाला भाकरी पुरवणारे हात बहुतेक बायकांचे होते.

'मामा' हे नावही त्यांचीच देणगी आहे, असे आम्हाला वाटते. राजा, सरदार, नायक या पदव्या पुरुष पुरुषांना देतात. मामा होण्यासाठी मात्र आधी कुणा बाईचा भाऊ व्हावे लागते. आपल्याकडे बाळाचे जावळ मामाच्या मांडीवर काढतात, बोहल्यावर मुलीच्या पाठीशी मामा उभा राहतो, निमाडात लग्नाला मामा मामेरा घेऊन येतो. तंट्यामामांनी गरिबांच्या मुलींची लग्ने लावून दिली, धान्य दिले, अडल्या घरी उभे राहिले, असे लोक सांगतात. म्हणजे ज्या घराला मामा नव्हता, त्या घराचे ते मामा झाले. आयांनी त्यांना भाऊ मानले, म्हणून पोरांच्या तोंडी 'मामा' बसले. आजही भिल्ल समाजात कुणाला 'मामा' म्हणून हाक मारली, तर ती मानाची हाक असते.

सरकारने शेवटी नेमके हेच नाते हेरले. होळकरांच्या हद्दीतल्या बनेर गावात गणपतसिंह नावाचा गृहस्थ होता. त्याच्या बायकोला तंट्यामामा बहीण मानत. माफी मिळवून देतो, असे आमिष दाखवून गणपतने त्यांना घरी बोलावले आणि राखीच्या दिवशी शिपायांच्या हवाली केले. फौजांना अकरा वर्षांत जे जमले नाही, ते एका राखीने केले. तिथून इंदूर, इंदूरहून साखळदंडांत जबलपूर. १९ ऑक्टोबर १८८९ ला फाशीची शिक्षा सुनावली गेली. १० नोव्हेंबरला न्यूयॉर्क टाइम्सने त्यांना 'हिंदुस्थानचा रॉबिन हूड' म्हणून जगापुढे आणले. ४ डिसेंबर १८८९ ला फाशी झाली. देह पातालपाणी-कालाकुंडच्या घाटात आणून टाकला, असे सांगतात. तिथे त्यांचे स्थान आहे. मीटरगेजच्या काळात त्या घाटात आगगाडी क्षणभर थांबे आणि मामांना मान देऊन पुढे जाई, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी प्रवासात ऐकली असेल.

या सगळ्या हकिकतीत दगा देणाऱ्या गणपतचे नाव येते, पकडणाऱ्या अधिकाऱ्यांची नावे येतात. पण जिच्या हातची राखी बांधायची होती, त्या बहिणीचे नाव सांगणाऱ्याच्या तोंडी येत नाही. तिला नवऱ्याचा बेत ठाऊक होता की तिचीही फसवणूक झाली? भाऊ तिच्या दारातून बेड्या घालून नेला, त्यानंतर ती त्या गावात कोणत्या तोंडाने वावरली असेल? तंट्यामामांच्या पत्नीचे नाव कागजबाई, एवढे आपल्याला सांगितले जाते. नवरा फरार असताना तिने ती अकरा वर्षे कशी काढली आणि डिसेंबरनंतर काय केले, हे गाणी सांगत नाहीत.

याच्या तीस वर्षे आधीही सातपुड्यात हेच घडले होते. १८५७ च्या उठावात सेंधवा घाटाचे खाज्या नायक आणि बडवानीकडचे भीमा नायक इंग्रजांविरुद्ध उठले. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली. भिल्ल लढले, हरले. पुरुष मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर डोंगरात असलेल्या बायका-पोरांना कैद करून नेण्यात आले. भीमा नायक हाती लागेनात, म्हणून त्यांच्या आईला, सुरसीबाईंना, मंडलेश्वरच्या तुरुंगात डांबले. तिथेच १८५९ मध्ये त्यांचा अंत झाला. पुढे १८६७ मध्ये भीमा नायक पकडले गेले, त्यांना अंदमानला धाडले, आणि १८७६ मध्ये ते तिकडेच गेले. मायलेक दोघेही कैदेत संपले. मुलाचे स्मारक बडवानी जिल्ह्यात धाबा बावडीला झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण मंडलेश्वरला नर्मदेच्या घाटावर जाणाऱ्या आपल्या मराठी मंडळींपैकी किती जणांना तिथे सुरसीबाईंची आठवण होते?

मुलगा सापडत नसेल तर आईला धरा, हा न्याय काही आपल्याच डोंगरांपुरता नव्हता. त्याच काळात सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. मिसूरीच्या सीमेवर रानात दबा धरून लढणाऱ्या बंडखोरांना घरच्या बायका भाकरी आणि बातमी पुरवत. म्हणून सरकारी फौजेने त्या मुलींनाच अटक करून कॅन्सस सिटीतल्या एका इमारतीत ठेवले. ऑगस्ट १८६३ मध्ये ती इमारत कोसळली. मेलेल्यांत बंडखोर विल्यम अँडरसनची बहीण जोसेफीन होती. आठवड्याभरात बंडखोरांनी लॉरेन्स शहरावर झडप घालून दीडशेच्या आसपास पुरुष आणि पोरे मारली. पुढच्याच वर्षी अँडरसनच्या टोळीत एक सोळा वर्षांचा मुलगा दाखल झाला. त्याचे नाव जेसी जेम्स, पुढचा प्रसिद्ध दरोडेखोर.

या जेसीची आई झेरेल्डा. जानेवारी १८७५ मध्ये एका रात्री खासगी गुप्तहेरांनी तिच्या घरात पेटता गोळा फेकला. मुलगे घरात नव्हतेच. आठ वर्षांचा धाकटा आर्ची मेला आणि झेरेल्डाचा उजवा हात गेला. १८८२ च्या ३ एप्रिलला जेसी आपल्याच घरात, आपलेच अन्न खाल्लेल्या साथीदाराच्या गोळीने मेला. बायको झी तेव्हा घरातच होती. पुढे ती गरिबीत दिवस काढून १९०० मध्ये वारली. बनेरच्या घराची आठवण यावी, इतके हे सारखे आहे.

पण फरकही तेवढाच मोठा आहे. जेसी जेम्स बँका आणि गाड्या लुटणारा खुनी दरोडेखोर होता. त्याच्या घराने गुलाम बाळगले होते. हक्काच्या रानासाठी लढणाऱ्या भीमा नायकांना त्याच्या रांगेत बसवता येणार नाही. तरी आज त्याच्या आईचे छायाचित्र मिळते. तिने सांगितलेल्या हकिकती वर्तमानपत्रांनी छापल्या. मुलगा गेल्यावर ती पैसे घेऊन लोकांना आपले शेत आणि त्याची कबर दाखवी. दुःख सुरसीबाईंचे काही कमी नव्हते. पण त्यांचे म्हणणे लिहून घ्यायला कोणी आले नाही.

बाईने स्वतः बंदूक हाती घेतली की तिचे नाव मात्र राहते. तिकडे बेल स्टार या बाईची दरोडेखोर म्हणून इतकी ख्याती झाली की तिच्यावर पुस्तके निघाली. १८८९ च्या फेब्रुवारीत तिला गोळी घातली गेली, म्हणजे तंट्यामामांच्याच वर्षी. आपल्या मध्य प्रदेशात फूलनदेवीने १९८३ मध्ये भिंडला शस्त्रे खाली ठेवली, ते तर साऱ्या देशाने पाहिले. जिने बंदूक धरली नाही, फक्त भाकरी थापली, निरोप पोचवला आणि दारात पोलीस आल्यावर मार खाल्ला, तिला गाण्यात जागा नाही.

कायद्याने मात्र तिला विसरले नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. पोलिसांच्या नोंदवहीत बायकांचीही नावे चढली. १९५२ पर्यंत ही शिक्षा चालली. शिक्षा द्यायची तेव्हा सारे घर धरायचे आणि गौरव करायचा तेव्हा एकट्या पुरुषाचा, असे हे गणित आहे.

आपला मराठी समाज या भागात पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहे. असीरगडच्या पायथ्याला, नेपानगर-खकनारच्या रस्त्याला भिल्ल, भिलाला, बारेला, कोरकू वस्त्या आहेत. त्यांतल्या कित्येक घरांशी आपले शेतीचे, दुकानाचे, शाळेचे जुने संबंध आहेत. त्या घरांतल्या म्हाताऱ्या आजींना मामांची गाणी येतात. गाण्यात नसलेलेही काही त्यांना आपल्या आजीकडून कळलेले असू शकते. कोणाच्या पणजीने भाकरी नेली, कोणाच्या घरावर शिपाई आले, ती मानलेली बहीण कोण होती. मंडळाच्या तरुण मुलामुलींनी दिवाळीच्या सुटीत वही घेऊन त्यांच्याकडे जावे, त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरवावे, आणि सांगणारीचे नाव वर लिहावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी चार पाने राखून ठेवता येतील. या आजी आणखी किती वर्षे असणार?