वाड्याची स्वयंपूर्णता आणि नाशिकचे गावठाण

नाशिकच्या जुन्या गावठाणात यापुढे घरे कशी बांधावीत, हा विषय निघाला की 'शाश्वत' आणि 'स्वयंपूर्ण' हे दोन शब्द हटकून येतात आणि त्यांच्या पाठोपाठ 'वाडा' येतो. आपल्या पूर्वजांचे वाडे मुळातच स्वयंपूर्ण होते, आपणच ते विसरलो, असा एकंदर सूर असतो. या स्मरणात तथ्य किती आणि सोय किती, हे तपासून पाहावे असे आम्हांला वाटते. साहित्याच्या अभ्यासकांना हा प्रश्न परका वाटू नये. कलाकृती स्वायत्त असते की नाही, हा वाद आपण वर्गावर्गांतून घातलेला आहे. घराच्या बाबतीतही तेच विचारता येते : सारे काही भिंतींच्या आत आहे असे म्हणताना भिंतींबाहेरचे काय काय आपण गृहीत धरतो?

जुने नाशिक गोदावरीच्या उजव्या तीरावर, लहानमोठ्या टेकड्यांवर वसलेले आहे. समोरच्या तीरावर पंचवटी. नऊ शिखरांवरून 'नाशिक' हे नाव आले, ही व्युत्पत्ती लोकप्रिय आहे. ती खरी असो वा नसो, डिंगरअळी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक या भागांतून चालताना चढउतार पायांना जाणवतोच. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली येथे केलेल्या उत्खननातून या तीरावरची वस्ती इसवी सनापूर्वीची असल्याचे दिसून आले. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ एका पिढीच्या पडक्या घरांवर दुसरी पिढी घर बांधीत आलेली आहे. आज आपण ज्यांना 'जुने वाडे' म्हणतो ते या दीर्घ क्रमातले अगदी अलीकडचे. नारोशंकराचे मंदिर १७४७ चे. सराफ बाजाराजवळचा सरकारवाडाही पेशवाईतला. बाकीचे बहुतेक वाडे उत्तर पेशवाई आणि इंग्रजी अमदानी यांच्या दरम्यानचे.

वाड्याच्या बांधणीत शहाणपण होते, हे मान्यच केले पाहिजे. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळया, मधल्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या, वर कौले. भार लाकडी सांगाडा पेलत असल्यामुळे एखादी भिंत खचली तरी सारे घर एकदम बसत नसे. जाड भिंतींतून दुपारची उष्णता सावकाश आत येई आणि तोवर संध्याकाळ झालेली असे. मधल्या चौकातून तापलेली हवा वर निघून जाई, तिच्या जागी ओसरीतली आणि बोळातली थंड हवा येई. बळदात वर्षाचे धान्य, पोटमाळ्यावर सरपण, परसात आड. साहित्यही असे की, वाडा पडला तर त्याच्या तुळया दुसऱ्या घराला लागत आणि माती मातीत मिळून जाई. ऊर्जेचा हिशेब मांडणाऱ्या आजच्या वास्तुशास्त्रज्ञाला हेवा वाटावा, असा हा संसार होता.

पण बळदातले धान्य कोठून येत होते? ते खेड्यातल्या कुळाने पिकवलेले असे. सागवान सह्याद्रीच्या जंगलातून येई. आडाचे पाणी आटले किंवा मचूळ झाले की घागरी नदीवर जात, आणि त्या वाहणाऱ्या डोक्यांची नोंद वाड्याच्या कौतुकात क्वचितच होते. सर्वांत अवघड प्रश्न मैल्याचा. जुन्या शहरांतल्या वाड्यांना मागच्या अंगाने एक अरुंद बोळ असे. टोपलीच्या संडासाची सफाई करणाऱ्या माणसाने पुढच्या दाराने येऊ नये, यासाठी तो होता. वाड्याच्या आराखड्यात चौकाइतकाच हा बोळही मूलभूत आहे. चौकाची छायाचित्रे निघतात, बोळाची निघत नाहीत.

तेव्हाच्या मुंबई सरकारने १९४९ साली वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या परिस्थितीची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ चा. डोक्यावरून मैला वाहून नेण्याची पद्धत बंद व्हावी, हा त्यातला आग्रह कायद्यात उतरायला १९९३ साल उजाडले आणि तो कायदा अपुरा ठरल्यामुळे २०१३ साली दुसरा करावा लागला. मधल्या काळात कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी 'गोपुरी' पद्धतीचा, खत करणारा संडास रूढ करण्याचा प्रयत्न केला. मैला ज्याचा त्याने हाताळावा, त्याचे सोनखत करावे, म्हणजे कोणा एका जातीवर तो लादला जाणार नाही, अशी त्यामागची दृष्टी होती. मराठी मुलखात 'स्वयंपूर्ण घर' या कल्पनेचा गंभीर विचार प्रथम कोठे झाला असे कोणी विचारले, तर आम्ही वाड्याच्या आधी या संडासाकडे बोट दाखवू.

नाशिकच्या संदर्भात ही गोष्ट अधिकच टोचते. काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तो येथेच, २ मार्च १९३० रोजी. दादासाहेब गायकवाड त्याचे प्रमुख संघटक होते. ज्या गावात देवळाचा दरवाजा आणि नदीचा घाट यांवरून माणसांची वाटणी झाली होती, त्या गावातले घर तेवढे निर्दोष होते असे कसे म्हणावे? बाबुराव बागूल नाशिकजवळच्या विहितगावचे. त्यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहातल्या शीर्षककथेत, परगावी नोकरीला गेलेल्या तरुणाला डोक्यावर छप्पर मिळवण्यासाठीही जात लपवावी लागते. दुसरीकडे महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) ढासळत्या घराचे दुःख मालकांच्या बाजूने मांडते. वाड्याचा इतिहास लिहिताना ही दोन्ही पुस्तके एकाच टेबलावर असावीत.

वाडे ढासळले ते का? केवळ वयामुळे नाही. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर महागाईत आणि फाळणीनंतरच्या स्थलांतरात भाडेकरूंना त्याचा खरा आधार मिळाला. पण कौले शाकारायला जेवढा खर्च येई तेवढेही भाडे वर्षभरात जमेना, तेव्हा मालकाने वाड्याकडे पाठ फिरवली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा दिली; मूळ रक्कमच नगण्य असल्यामुळे तिने फारसा फरक पडला नाही. आज परिस्थिती अशी की, पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेच्या धोकादायक घरांच्या नोटिसा निघतात. मालकाला वाडा पडलेला चालतो, कारण जागा मोकळी होते. आणि भाडेकरू पडत्या भिंतीखाली राहतो, कारण बाहेर पडल्यास परत येण्याचा हक्क उरेल की नाही याची त्याला खात्री नसते. भिंत कोसळल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो, ती या त्रांगड्याची बातमी असते.

अशा ठिकाणी नवे घर कितपत स्वयंपूर्ण होऊ शकेल? थोडा हिशेब करून पाहू. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस आणि २०० चौरस मीटर छप्पर धरले तर १ लाख ४० हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले तरी १ लाख १२ हजार उरतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण धरले, तर वीस माणसांच्या वाड्याला ते जेमतेम एकेचाळीस दिवस पुरेल. म्हणजे पूर्ण स्वयंपूर्णता ही कल्पनाच ठरते. पण पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी १० लिटर एवढेच मागितले, तर हेच पाणी वर्ष ओलांडून जाते. कोरड्या आठ महिन्यांसाठी ४८ हजार लिटर साठवावे लागेल. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाके त्याला पुरे. ते चौकाखाली सहज मावते.

सहज, पण सगळीकडे नाही. गावठाणातून वाहणारा सरस्वती नाला आता झाकलेला आहे. तरीही मोठा पाऊस झाला की त्याचे पाणी सराफ बाजारात शिरते. दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढले यावरून नाशिककर गोदावरीचा पूर मोजतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ ही साले त्या मोजमापाने लोकांच्या लक्षात आहेत. पूररेषेतले भूमिगत टाके नाल्याच्या पाण्याने नासणार. म्हणून टेकावरच्या घराला जो आराखडा योग्य, तो दहीपुलाजवळच्या घराला घातक ठरेल. जुन्या गवंड्याला हा भेद ठाऊक होता. त्याने जोत्याची उंची गल्लीगणिक बदललेली दिसते.

नियमांना मात्र तो भेद दिसत नाही. राज्य सरकारने २००५ साली नव्या बांधकामांना पर्जन्यजल साठवण सक्तीची केली, ती ३०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांना, आणि तीही गावठाणाबाहेर. जिथे छपराला छप्पर लागलेले आहे तो भागच वगळला गेला. पुढे 'स्मार्ट सिटी' योजनेत २०१६ साली नाशिकची निवड झाली आणि गावठाणाचा पुनर्विकास व गोदाकाठ हे तिच्यातले महत्त्वाचे भाग होते. योजनेची मुदत मार्च २०२५ मध्ये संपली. रस्ते खोदले गेले, काही बांधले गेले. वाड्यातल्या भाडेकरूचा प्रश्न होता तेथेच आहे.

परदेशातला एक अनुभव येथे उपयोगी पडेल. लंडनच्या दक्षिण भागात २००२ साली 'बेडझेड' ही वसाहत उभी राहिली. उष्णता आणि वीज निर्माण करणारे लाकूडजाळीचे संयंत्र, सांडपाणी शुद्ध करणारी वनस्पतींची यंत्रणा, असे सारे तिच्यात होते. काही वर्षांतच ही दोन्ही यंत्रे बंद पडली, कारण एवढ्याशा वस्तीला त्यांची देखभाल परवडेना. जाड भिंती, दक्षिणेकडच्या काचा, शेजाऱ्यांची परस्परांशी ओळख या गोष्टी मात्र टिकल्या. ज्याची राखण रोज कोणीतरी करावी लागते, ते टिकवायचे असेल तर 'ते कोणीतरी' कोण, हे आराखड्यातच ठरले पाहिजे.

वाडा आपल्याला शिकवतो तेही हेच. त्याच्याकडेही राखण करणारे होते. फक्त त्यांची नावे जातीने ठरलेली होती आणि त्यांचा मोबदला हिशेबात नव्हता. गावठाणात नवे घर उभारायचे तर चौक ठेवावा, टाके खोदावे, छपरावर सौर तावदाने बसवावीत, लाकूड आणि दगड पुन्हा वापरावेत. यांतले काहीच अशक्य नाही. पण त्याआधी भाडेकरूचा परत येण्याचा हक्क कागदावर यावा, टाके कोण धुणार आणि त्याला काय मिळणार हे लिहिले जावे, आणि मागच्या बोळाची गरज कोणालाच पडू नये. यातले पहिले काम वास्तुरचनाकाराचे नाही, ते कायद्याचे आणि गल्लीतल्या माणसांचे आहे; पावसाळा मात्र त्यासाठी थांबणार नाही.