ध्यानाचे दुष्परिणाम

ध्यान, प्राणायाम, दीर्घ मौन-शिबिरे अशा साधनांतून काही साधकांना होणारा शारीरिक वा मानसिक त्रास. झोप उडणे, धडधड, अंगाचा दाह, जुन्या आघातांच्या आठवणी उसळून येणे, भोवतालचे जग खोटे वाटत राहणे ही त्याची लक्षणे; क्वचित उन्माद किंवा भ्रमही होतो.

परंपरेला हा धोका ठाऊक होता. चुकीच्या प्राणायामाने उचकी, दमा, खोकला आणि डोके, कान, डोळे यांची दुखणी जडतात, असे हठयोगप्रदीपिकेच्या दुसऱ्या उपदेशात बजावले आहे. जपानी झेन आचार्य हाकुइन यांनीही स्वतःला जडलेल्या ‘झेन-व्याधी’विषयी लिहून ठेवले. आज ध्यान मोबाइलवर मिळते, पण हे इशारे त्याच्यासोबत येत नाहीत.

आधुनिक काळातील सर्वांत बोलके उदाहरण गोपी कृष्ण (१९०३–१९८४) यांचे. हे काश्मिरी सरकारी कारकून १७ वर्षे रोज पहाटे ध्यानाला बसत. डिसेंबर १९३७ मध्ये जम्मूत पाठीच्या कण्यातून प्रकाशाचा लोट मस्तकात शिरल्याचा अनुभव त्यांना आला. पाठोपाठ झोप गेली, अन्नावरची वासना उडाली, अंगाची आग होऊ लागली, आपल्याच माणसांची भीती वाटू लागली. सावरायला त्यांना अनेक वर्षे लागली. अशा अनुभवाला कुंडलिनी जागृती म्हणतात; ती म्हणजे निव्वळ आनंद, असे समजणाऱ्याने त्यांचे आत्मकथन वाचावे.

अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या विलोबी ब्रिटन आणि जेरेड लिंडाल यांनी पाश्चात्त्य बौद्ध साधकांच्या मुलाखती घेऊन २०१७ मध्ये अशा अनुभवांचे ५९ प्रकार नोंदवले. २०२० मध्ये मिगेल फरियास व सहकाऱ्यांनी ८३ अभ्यास तपासले. त्यांत त्रासाचे प्रमाण सुमारे ८ टक्के आढळले. मानसोपचारांतही ते साधारण एवढेच असते, म्हणून घाबरून ध्यान टाकण्याचे कारण नाही.

जोखीम वाढते ती साधनेच्या तीव्रतेने आणि पूर्वीच्या आजाराने. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते, दिवसाकाठी सुमारे दहा तास बैठक असते आणि बहुतेक दिवस मौन पाळावे लागते. निरोगी माणसाला हे झेपू शकते. उन्माद किंवा मनोविकृतीचा झटका येऊन गेलेल्याला ते घातक ठरू शकते. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारतात, ते लपवू नये. खरा अनर्थ मात्र त्रास सुरू झाल्यावर होतो. ‘विकार बाहेर पडताहेत, बसून राहा’ असे सांगून साधकाला आणखी ध्यानाला बसवणे ही क्रूरता आहे. अशा वेळी साधना थांबवावी, पोटभर जेवण आणि झोप द्यावी, माणसांत ठेवावे. दोन-तीन रात्री झोप नसेल किंवा भ्रम दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे त्याच दिवशी न्यावे.