कपाळावरचं गोंदण आणि पाकिटातलं कार्ड

पोस्ट लांब आहे. विषयही असा आहे की चारचौघात कोणी काढत नाही. लेकरं झोपल्यावर वाचा, पण वाचा.

मागच्या आठवड्यात रात्री 11 वाजता एका ओळखीच्या पोराचा फोन आला. वय 29, सिकलसेलचा रुग्ण, म्हणजे एसएस. "भाऊ, एक विचारू काय? मी लग्न कराव का नाही? घरचे म्हणते का पोरीवाल्याले कार्ड दाखवू नको." मी काहीतरी थातूरमातूर बोललो आणि फोन ठेवला. मग झोप आली नाही. कारण हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही आणि आजचाही नाही.

1904 साली शिकागोत वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा दंतवैद्यकाचा विद्यार्थी दवाखान्यात दाखल झाला. कॅरिबियन बेटावरच्या ग्रेनाडाचा कृष्णवर्णीय पोरगा. त्याच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी दिसल्या. डॉ. जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ते छापलं आणि आजार पहिल्यांदा वैद्यकशास्त्राच्या कागदावर आला. नोएल शिकून गावी परतला, दातांचा दवाखाना टाकला आणि 1916 मध्ये न्यूमोनियाने गेला. त्याच्या पेशींबद्दल भरपूर लिहिलं गेलं. पण तो जवान होता, त्याचं मन कोणावर बसलं असेल का, हे त्या कागदात कुठून येणार?

पुढे 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. फार मोठा माणूस. रसायनशास्त्राचं नोबेल, शांततेचंही नोबेल. याच माणसाने 1968 मध्ये एका कायदेविषयक नियतकालिकात सुचवलं की सिकलसेलचं जनुक असलेल्या प्रत्येक तरुणाच्या कपाळावर खूण गोंदवावी. म्हणजे दोन वाहक एकमेकांना ओळखतील आणि प्रेमातच पडणार नाहीत!

आपल्याकडे गोंडी, माडिया बायांच्या कपाळावर गोंदण असतं. ते हौसेचं आणि मानाचं. मेल्यावर सोबत फक्त गोंदणच येतं, असं म्हाताऱ्या सांगतात. पॉलिंगचं गोंदणही जन्मभराचंच होतं, फक्त त्यात मान नव्हता. हेतू वाईट नव्हता, पुढच्या लेकरांचं दुखणं टाळायचं होतं. पण समोरचा माणूस त्यांच्या हिशेबातच नव्हता.

गोंदण कोणी केलं नाही, कायदे मात्र झाले. 1970 नंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी काळ्या लोकांची चाचणी सक्तीची केली. कुठे शाळेत जाताना, कुठे लग्नाचा परवाना काढताना. वाहक आणि रुग्ण यातला फरक लोकांना तर सोडाच, कायदा लिहिणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हता. धडधाकट वाहकांना विम्याला अडचणी आल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत तर 1981 पर्यंत वाहकांना प्रवेश नव्हता. 1972 च्या केंद्रीय कायद्याने चाचणी ऐच्छिक असावी असं धोरण ठेवलं, तेव्हा कुठे सक्ती ओसरू लागली.

मला सगळ्यात जवळची वाटते ती ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावाची गोष्ट. साधारण दर चौथा माणूस वाहक. आपल्यासारखीच ठरवून होणारी लग्नं, मध्यस्थ, देणंघेणं. डॉक्टरांनी गावाची तपासणी केली, कोण काय ते सांगितलं आणि समजावलंही. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं तर वाहक-वाहक लग्नं कमी झालेलीच नव्हती. मग झालं काय? वाहकांना स्थळं नाकारली जाऊ लागली, म्हणून घरच्यांनी रिपोर्ट लपवले. तपासणीने आजार थांबला नाही, डाग तेवढा वाढला.

आता आपलं. विदर्भात सिकलसेल असल्याचं डॉक्टरांना पन्नासच्या दशकापासून माहीत आहे. 1958 मध्येच नागपूरच्या डॉक्टरांचा लेख लॅन्सेटमध्ये आला होता. 1 जुलै 2023 ला शहडोलमध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं, 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन. कार्डं वाटली जाताहेत. पत्रिकेसारखी कार्डं जुळवा, असं सांगितलं जातं. सल्ला चुकीचा नाही. पण ऑर्कोमेनोस विसरून चालणार नाही.

इथे मला माझीही चूक सांगायची आहे. 2011 मध्ये मी एका गावावर बातमी केली, 'घरोघरी सिकलसेल'. गावाचं नाव ठळक छापलं. चार कॉलम मिळाले, कौतुक झालं. दोन वर्षांनी त्याच गावातल्या एका बापाने बसस्टँडवर गाठलं. म्हणाला, "तुमच्या पेपरानं आमच्या पोरी घरीच बसल्या ना भाऊ." त्याची पोरगी साधी वाहकही नव्हती.

मग कार्ड म्हणतं तरी काय? दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. रुग्ण आणि वाहक असतील तर 50 टक्के. पण रुग्णाचं लग्न पूर्ण निरोगी म्हणजे एए माणसाशी झालं, तर सगळी लेकरं वाहक होतील, सिकलसेलचा रुग्ण एकही नाही. म्हणजे माझ्या त्या पोराला 'तू लग्नच करू नको' म्हणणारे शास्त्रसुद्धा सांगत नाहीत, भीती सांगतात. आणि रिपोर्ट लपवला तर सगळा जुगार त्या पोरीच्या पोटावर.

लग्नानंतरचं तर कोणी बोलतच नाही. दमछाक झाली, अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली की या लोकांना दुखण्याचा झटका येऊ शकतो, मग शयनगृहात तरी भीती कशी नसेल? खुब्याचं हाड खराब झालेल्या बाईला जवळीकच नकोशी होते आणि सासरी म्हणतात नखरे करते. पाळीच्या दिवसांतही अनेकींचं दुखणं उसळतं. पाळणा लांबवायला कोणती गोळी चालेल हे डॉक्टरला विचारूनच ठरवायचं, कारण काही गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर मूल ठरवण्याआधी दोघांनी डॉक्टरशी बोलायचं, गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

पुरुषांचं आणखी एक आहे. इच्छा नसताना लिंग ताठरतं, तासन्‌तास तसंच राहतं, असह्य दुखतं. पेशी तिथे अडकतात म्हणून होतं. 1934 पासून वैद्यकीय लेखांत याची नोंद आहे आणि आपल्याकडची पोरं ते देवाचा कोप समजून खोलीत कडी लावून रडतात. 4 तासांच्या वर गेलं तर तातडीने दवाखाना गाठायचा, नाहीतर कायमची नपुंसकता येऊ शकते. हे समुपदेशनाच्या खोलीत सांगायला हवं. तिथे बहुतेक वेळा शेजारी आई बसलेली असते.

परवा त्या पोराला मीच फोन केला. कार्डाचं सांगितलं, टक्क्यांचं सांगितलं, मग हिंमत करून हेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं कट झाला.

"भाऊ, हे मले चार वर्षांपासून होते. मले वाटे मायाच अंगात घाण हाय."

सोमवारी सकाळी आम्ही दोघं दवाखान्यात जातोय. आईला घरीच राहायला सांगितलंय.