कुणालाच नको असलेल्या पँटींची गोधडी

आजची गोष्ट एका कापडाची आहे. फाटत नाही, चुरगळत नाही, रंगही जात नाही. आणि तरीही एक दिवस ते कुणालाच नकोसं झालं.

सुरुवात माझ्या घरापासून करते. आमच्या माळ्यावर एक गोधडी आहे. आजीने आजोबांच्या जुन्या टेरिलीनच्या पँटी कापून शिवलेली. जड आणि जराशी घसरडी. आजीच्या सुती लुगड्यांच्या गोधड्या धुऊन धुऊन विरल्या, ही मात्र आहे तशीच आहे. पण पाहुणे आले की आई म्हणते, "ती नको गं, बरी नाही दिसत." गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारात निघाली होती. मी अडवलं. का अडवलं, ते मात्र तेव्हा सांगता आलं नाही.

आता थोडं मागे जाऊ. 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनतज्ज्ञांनी पॉलिएस्टरचा धागा बनवला. तोच टेरिलीन. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीने तो डेक्रॉन या नावाने आणला. पुढे या धाग्यापासून 'डबल निट' कापड निघालं. म्हणजे बघा, आपला टीशर्ट विणलेला असतो ना, तसंच, पण सुयांच्या दोन रांगांवर एकदम विणलेलं. त्यामुळे जाड, कापल्यावर दोरे सुटत नाहीत, कडा गुंडाळत नाहीत. धुवा, वाळवा, घाला. इस्त्रीची कटकट नाही! 1970 च्या आसपास अमेरिकेत जो तो याच्याच पँटी आणि सूट घालत होता.

मग लोक कंटाळले. घाम शोषत नाही, उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, धागे ओढले जातात. दहाएक वर्षांत हे कापड चेष्टेचा विषय झालं. पण फॅशन गेली तरी कपडे कुठे जाणार? ते तर झिजतच नव्हते.

मग हे कपडे गोधड्यांत गेले. तिकडे गोधडीला क्विल्ट म्हणतात. हे कापड शिवणं सोपं नाही. ते ताणलं जातं, सुई सहज आत जात नाही, इस्त्री जास्त तापली तर वितळतं. दाट टाके घालणं कठीण, म्हणून अनेक बायका थर एकमेकांवर ठेवून जागोजागी लोकरीच्या गाठी मारायच्या. सुती क्विल्टचं कौतुक करणारे मात्र यांच्याकडे नाक मुरडायचे.

आता अलाबामा राज्यातल्या जीज् बेंडला चला. नदीच्या वळणात अडकलेलं हे गाव. इथली बहुतेक कुटुंबं एकेकाळच्या गुलामांची वंशज. 1962 साली, कृष्णवर्णीय लोक मतदार नोंदणीसाठी पुढे येत होते, तेव्हा नदीपलीकडच्या कॅम्डेनला जाणारी फेरीबोट बंद झाली. समोर दिसणारं गाव रस्त्याने तासाभराहून लांब गेलं. बोट परत सुरू झाली ती थेट 2006 मध्ये.

याच गावातल्या मेरी ली बेंडॉल्फ. त्यांच्याकडे नात्यातल्या एकीने जुने कपडे पाठवले आणि वाटून टाकायला सांगितलं. त्यात डबल निटच्या बेलबॉटम पँटी! कुणी घेईना. आम्ही एवढे काही जुनाट नाही, असं मेरी लींचं म्हणणं. दान करायला न्यावं, तर जायला गाडी नाही. शेवटी त्यांनी सगळ्याच्या क्विल्ट शिवून टाकल्या.

2002 साली जीज् बेंडच्या क्विल्ट ह्यूस्टनच्या संग्रहालयात लागल्या, तिथून न्यूयॉर्कला गेल्या. थंडीत पोरांच्या अंगावर घालायला शिवलेल्या गोष्टी भिंतीवर चित्रांसारख्या टांगल्या गेल्या. 2006 मध्ये तर त्यांच्यावर टपाल तिकिटंही निघाली.

मला यात एक गोष्ट लागते. संग्रहालय आलं नसतं तरी मेरी लींचं काम तेवढंच चांगलं होतं. फक्त ते जुन्या पँटींचं होतं, म्हणून कुणी बघत नव्हतं. आमच्या घरी आम्हीही तेच करत होतो.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "अगं, आजोबांच्या त्या पँटी तरी कुणाला हव्या होत्या? मांडीवर ठिगळं होती, म्हणून भांडेवालीनेही परत केल्या होत्या." हे मला माहीतच नव्हतं! रात्री मोबाइलचा टॉर्च लावून गोधडी बघितली. एका चौकोनावर खरंच ठिगळ आहे, आणि शेजारी उसवलेल्या खिशाच्या टाक्यांची भोकं.

आजी आता नाही, त्यामुळे कुठला तुकडा कुठल्या पँटचा, हे विचारायचं राहूनच गेलं. तुमच्या घरातली गोधडी शिवणारी अजून असेल, तर आज तिच्याशेजारी बसा. एकेका तुकड्यावर बोट ठेवा आणि विचारा. जमलं तर फोनवर रेकॉर्डही करून ठेवा.

भेटू पुढच्या भागात!