कॉलनीला 'बँकवाल्यांची' का म्हणतात

स्मरणिका समितीच्या ताईंनी फोन करून सांगितलं, "काका, तुम्ही जुने सभासद. काहीतरी लिहाच." नोंदणी, प्लॉटची मोजणी, बोअरवेल आणि नालीचा तो गाजलेला वाद हे सगळं सचिवांच्या अहवालात येणारच आहे. मी त्याच्या आधीचं लिहितो. खामगाव बसस्टँडवरून ऑटो केला की ऑटोवाला आजही विचारतो, "बँकवाल्यांच्या कॉलनीत ना?" आपल्या नातवंडांना त्याचं कारण ठाऊक नाही.

कारण साधं आहे. 2001 साली इथे पहिली वर्गणी भरणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक बँकेतले होते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या हाती तेव्हा व्हीआरएसचे, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचे, पैसे नुकतेच आले होते. ते कसे आले, हा खरा इतिहास.

मी 1973 मध्ये बँकेत लागलो. 19 जुलै 1969 रोजी 14 बँका सरकारच्या झाल्या होत्या आणि शाखा उघडण्याचा सपाटाच सुरू होता. 1969 मध्ये देशात व्यापारी बँकांच्या 8,262 शाखा होत्या, 1991 पर्यंत त्या 60,000 च्या वर गेल्या. एवढ्या शाखांना माणसं लागणारच. बी.कॉम. झालेली आमच्या वऱ्हाडातली कितीतरी पोरं त्या लाटेत लागली. पुढे 1978 पासून भरतीसाठी बीएसआरबीच्या परीक्षा आल्या.

त्या काळात 'एचआर' हा शब्द आम्ही ऐकलेला नव्हता. पर्सोनेल डिपार्टमेंट होतं, आणि त्याला आम्ही ओळखायचो ते बदलीच्या ऑर्डरवरच्या सहीवरून. पगार ठरायचा मुंबईत, सगळ्या बँका आणि युनियन यांच्यातल्या द्विपक्षीय करारानं. पहिला करार 1966 चा. त्यामुळे शाखेच्या मॅनेजरच्या हातात कोणाची पगारवाढ नव्हती, आणि खरं सांगायचं तर शिक्षाही फारशी नव्हती. हातात काय होतं? चहा, गोड शब्द आणि रजेचा अर्ज. कोणाची आई दवाखान्यात आहे, कोणाच्या शेतात सोंगणी आहे, हे ज्याला माहीत त्याची शाखा चालायची. मला हे मेहकरला एका जुन्या दफ्तरीनं शिकवलं, कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजनं नाही.

कापसाचा हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना हे पटेल. 1972 पासून राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली आणि शेतकऱ्यांच्या चुकाऱ्याचे चेक बँकेत येऊ लागले. सकाळी शटर उघडायच्या आधी ओट्यावर माणसं बसलेली. अशा दिवशी रूलबुक कपाटात राहायचं, शाखा तारून न्यायचा तो हेड कॅशियर. कोणाचा अंगठा, कोणाची सही, कोणत्या दोन भावांत वाद आहे म्हणून पैसे कोणाच्या हाती द्यायचे नाहीत, हे त्याच्या डोक्यात असायचं. लेजरमध्ये ते लिहिलेलं नसतं.

मग मशीन आलं. 1983, 1987 आणि 1993 असे तीन करार संगणकीकरणावर झाले. आम्ही विरोधात घोषणाही दिल्या, आज हसू येतं. 1998 च्या नरसिंहम समितीनं बँकांत माणसं जास्त झाल्याचं म्हटलं आणि 2000 च्या अखेरीस बहुतेक सरकारी बँकांनी व्हीआरएसची योजना काढली. 15 वर्षं नोकरी किंवा 40 वर्षं वय झालेल्यानं अर्ज करायचा. झालेल्या प्रत्येक वर्षाला 60 दिवसांचा पगार, किंवा उरलेल्या नोकरीचा पगार, यातलं कमी असेल ते मिळणार. देशभरात सुमारे 1 लाख माणसं त्यात गेली.

मी तेव्हा याच जिल्ह्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. वरून विचारणा व्हायची ती एकच, "किती अर्ज आले?" कोणाचे आले, हे कोणी विचारलं नाही. ज्यांना बाहेर काही करता येत होतं, ज्यांच्यात हिंमत होती, तेच बहुतेक गेले. आमच्या हेड कॅशियरनंही अर्ज दिला. (ते आपले सभासद आहेत. त्यांना विचारूनच लिहितोय. नाव मात्र नको म्हणाले. आम्ही त्यांना भाऊच म्हणतो.) 25 वर्षांची नोकरी, म्हणजे जवळपास 50 महिन्यांचा पगार एकदम. मुलीचं लग्न आणि घर दोन्ही निघणार होतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी संध्याकाळी कॅश बंद करून भाऊ केबिनमध्ये आले. "सायेब, घरी कोणाले इचारलं नव्हतं मी. अर्ज वापस भेटन का?"

मी योजनेचा कागद काढला आणि कलम वाचून दाखवलं. एकदा दिलेला अर्ज मागे घेता येत नाही. भाऊ "बरं" म्हणून गेले. त्यांच्याकडून एक साधी चिठ्ठी लिहून घेऊन वर पाठवायला मला पाच मिनिटं लागली असती. पण आकडा कमी झाला तर फोन येईल, हेही माझ्या मनात होतंच. ते लपवत नाही.

31 मार्चला भाऊंनी चाव्या दिल्या. पुढच्या हंगामात एका म्हाताऱ्याचा चुकारा त्याच्या पुतण्याला दिला गेला आणि मी दोन महिने खुलासे लिहीत बसलो. नवीन कॅशियरची चूक नव्हती, त्याला सांगणारं कोणी उरलं नव्हतं.

डिसेंबर 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. राष्ट्रीयीकृत बँकांच्या बाबतीत न्यायालयानं म्हटलं की बँकेनं मंजुरी देण्याआधी कर्मचाऱ्याला अर्ज मागे घेता येतो. ज्यांनी पैसे स्वीकारले त्यांना मात्र नंतर तक्रार करता येणार नाही. म्हणजे जे कलम मी वाचून दाखवलं ते टिकलं नाही. मी ते कात्रण कापून ठेवलं.

2010 मध्ये मी निवृत्त झालो. त्याच वर्षी खंडेलवाल समितीनं सरकारी बँकांच्या मनुष्यबळावर अहवाल दिला. मधल्या वर्षांत भरती थांबली, जुने एकदम निवृत्त होणार, अनुभवी माणसं कमी पडणार, असा त्याचा सूर. आमच्या शाखेला ते नऊ वर्षं आधीच कळलं होतं.

भाऊंनी पैशातून मुलीचं लग्न केलं आणि इथला प्लॉट घेतला. सोसायटीचे पहिले खजिनदार तेच. सुरुवातीची कीर्द त्यांच्या हातची आहे; ऑफिसच्या कपाटात आहे, बघा एकदा. कोणाकडे लग्न निघालं, कोणाची नोकरी गेली, त्याचा मेंटेनन्स दोन महिने कसा न बोलता पुढे ढकलला, हे त्या कीर्दीत सापडणार नाही.

ते कात्रण मी त्यांना दाखवलं ते कॉलनीत राहायला आल्यावर बऱ्याच वर्षांनी. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी केली आणि माझ्या खिशात परत ठेवलं. "हे मले तवाच मालूम झालं होतं सायेब. बसा, चहा ठेवाले सांगतो."