दूरस्थ थेट पर्यवेक्षण

दूरस्थ थेट पर्यवेक्षण म्हणजे परीक्षार्थी घरून किंवा अन्य ठिकाणाहून संगणकावर अथवा मोबाइलवर परीक्षा देत असताना, दुसरीकडे बसलेल्या पर्यवेक्षकाने कॅमेरा, ध्वनी आणि स्क्रीन यांच्या थेट प्रक्षेपणावरून त्याच्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत होय. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात तिला 'प्रॉक्टर्ड परीक्षा' असे म्हणतात. महाराष्ट्रात ही संज्ञा कोविड-१९ च्या साथीत, २०२० आणि २०२१ मधील विद्यापीठीय परीक्षांच्या निमित्ताने सर्वपरिचित झाली.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खान्देशातील तीन जिल्ह्यांतील महाविद्यालये जळगाव येथील कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून वेगळे काढून १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. तापीकाठच्या शहरांपासून सातपुड्यातील पाड्यांपर्यंत पसरलेल्या अशा कार्यक्षेत्रात ही पद्धत उभारताना सॉफ्टवेअरच्या निवडीपेक्षा एक वेगळाच प्रश्न अधिक अवघड ठरतो. परीक्षार्थीचे चित्र पडद्यावरून नाहीसे झाले, तर ती कॉपी समजायची की तुटलेली जोडणी?

पार्श्वभूमी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० रोजी परीक्षांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तीन तासांची परीक्षा दोन तासांवर आणण्याची मुभा होती. ६ जुलै २०२० च्या सुधारित सूचनांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेरपर्यंत ऑनलाइन, प्रत्यक्ष किंवा संमिश्र पद्धतीने घेणे आवश्यक ठरवले. महाराष्ट्र शासनाचा निर्णय त्या परीक्षा न घेण्याचा होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिलेल्या निकालानुसार राज्यांना मुदतवाढ मागता येते, परंतु परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येत नाही.

यानंतर राज्यातील विद्यापीठांच्या हाती जेमतेम काही आठवडे उरले. ऑक्टोबर २०२० मध्ये अनेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांच्या, घरून द्यावयाच्या परीक्षा झाल्या. काही विद्यापीठांनी प्रत्यक्ष केंद्राचा पर्यायही ठेवला. लॉगिन न होणे, प्रश्नपत्रिका अर्धवट दिसणे, उत्तरे जमा न होणे अशा तक्रारी सर्वत्र आल्या. मुंबई विद्यापीठाच्या दूर व मुक्त अध्ययन संस्थेची परीक्षा यंत्रणेवर सायबर हल्ला झाल्याचे कारण देऊन पुढे ढकलण्यात आली. या पहिल्या फेरीत परीक्षा पार पाडणे हेच उद्दिष्ट होते, पर्यवेक्षण बहुतांशी नाममात्र राहिले. निकालांचे आकडे फुगल्याची टीका झाल्यावर २०२१ मध्ये पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठासह काही विद्यापीठे प्रॉक्टर्ड पद्धतीकडे वळली.

प्रकार

पर्यवेक्षण तीन तऱ्हांनी होते. पहिल्या प्रकारात माणूस थेट पाहतो. दुसऱ्यात परीक्षेचे केवळ ध्वनिचित्रमुद्रण होते आणि ते नंतर तपासले जाते. तिसऱ्यात संगणकप्रणाली चेहरा, नजर, आवाज व विंडोबदल यांवरून संशयास्पद क्षणांवर खुणा करते. प्रत्यक्षात तिन्हींचे मिश्रण आढळते: प्रणाली खूण करते आणि थेट पर्यवेक्षक त्या परीक्षार्थीचे चित्र मोठे करून पाहतो. अमेरिकेत थेट पर्यवेक्षणाचा व्यवसाय २००८ च्या सुमारास उभा राहू लागला. भारतात तो महासाथीपूर्वी मुख्यतः नोकरभरती आणि प्रमाणपत्र परीक्षांपुरता मर्यादित होता.

उभारणी

परीक्षार्थीने प्रवेशपत्र व ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरणे, पर्यवेक्षकाने ते आवेदनपत्रातील छायाचित्राशी ताडून पाहणे, नंतर खोलीभर कॅमेरा फिरवून घेणे आणि मग प्रश्नपत्रिका खुली करणे असा क्रम बहुधा पाळला जातो. वर्गात बैठक क्रमांक पाहून हजेरीपटावर सही घेण्यास जितका वेळ लागतो, त्याहून हे काम बरेच सावकाश चालते. त्यामुळे परीक्षार्थींना गटागटाने आधी बोलवावे लागते.

चित्र पोहोचवण्यासाठी बहुतेक प्रणाली वेबआरटीसी हे खुले तंत्र वापरतात. २०११ मध्ये गूगलने ते मुक्त केले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला वेबचे अधिकृत मानक म्हणून मान्यता मिळाली. या तंत्राने दोन ब्राउझर थेट जोडले जाऊ शकतात. मात्र भारतीय मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. अशा वेळी थेट जोडणी अनेकदा जमत नाही आणि चित्र मधल्या सर्व्हरवरून फिरवावे लागते. चाचणीत कार्यालयीन वाय-फायवर उत्तम चालणारी प्रणाली परीक्षेच्या दिवशी मोबाइल डेटावर अडखळते, त्याचे एक नेहमीचे कारण हे असते.

डेटाचा हिशेब आधी मांडावा लागतो. सेकंदाला ५०० किलोबिट दराने चित्र पाठवल्यास तासाला सुमारे २२५ मेगाबाइट खर्च होतात. तीन तासांच्या पेपरला हाच आकडा ६७५ मेगाबाइटवर जातो. दर १५० किलोबिटवर आणला तर तासाला सुमारे ६८ मेगाबाइट पुरतात, पण चित्र धूसर होते. थेट चित्राऐवजी दर ३० सेकंदांनी ३० किलोबाइटचे एक छायाचित्र पाठवले, तर तासाचा खर्च चार मेगाबाइटहून कमी राहतो. शिवाय येथे प्रश्न चित्र पाठवण्याच्या वेगाचा असतो. व्हिडिओ सुरळीत पाहता येणाऱ्या गावातून तो तितक्याच सुरळीतपणे पाठवता येईलच असे नाही. म्हणून जोडणी ढासळली की थेट चित्रावरून आपोआप छायाचित्रांवर येणारी आणि सुधारली की परत थेट चित्रावर जाणारी रचना ग्रामीण भागासाठी अधिक योग्य ठरते.

मनुष्यबळाचा हिशेब तितकाच कठोर आहे. एका पर्यवेक्षकाकडे वीस परीक्षार्थी दिले, तर एका वेळी तीन हजार परीक्षार्थींसाठी दीडशे पर्यवेक्षक लागतात. त्यांच्यावर वरिष्ठ पर्यवेक्षक आणि तांत्रिक साहाय्यक वेगळे. ही माणसे बहुधा महाविद्यालयांतील प्राध्यापकच असतात. वर्गात तीस जणांच्या ब्लॉकवर नजर ठेवण्याची सवय असलेल्या शिक्षकाला वीस लहान चौकटी सलग दोन तास पाहणे थकवणारे वाटते, आणि थकलेला पर्यवेक्षक एकतर सर्वांवर संशय घेतो किंवा कोणावरच घेत नाही. त्यामुळे पाळ्या लावणे आणि एका वेळी थोड्याच चौकटी मोठ्या दाखवणे ही सोय प्रणालीत असावी लागते.

मोबाइलवरील परीक्षेच्या मर्यादा वेगळ्या आहेत. संगणकाच्या ब्राउझरमधून स्क्रीन दाखवता येते. मोबाइलच्या ब्राउझरमधून सहसा ते होत नाही, त्यासाठी स्वतंत्र ॲप लागते. परीक्षा सुरू असताना फोन आला तर ॲप मागे जाते, कॅमेरा व मायक्रोफोन बंद पडतात आणि प्रणालीच्या नोंदीत 'परीक्षार्थीने विंडो सोडली' असे उमटते. घरातील एकुलता स्मार्टफोन परीक्षेसाठी घेतलेल्या विद्यार्थ्याला असे फोन येणारच. त्यामुळे सरावचाचणीतच ही अडचण दाखवून देणे, आणि पहिल्या काही विंडोबदलांवर केवळ सूचना देणे, हे शहाणपणाचे ठरते.

घड्याळ परीक्षार्थीच्या उपकरणावर न ठेवता सर्व्हरवर ठेवतात. प्रत्येक उत्तर निवडताक्षणी उपकरणावर साठवून, जोडणी मिळताच वर पाठवले जाते. जोडणी तुटल्यास गेलेला वेळ परत द्यायचा की नाही, दिल्यास किती, हे परीक्षेपूर्वी जाहीर झालेले नसेल तर नंतर प्रत्येक अर्जावर वाद होतो.

खान्देशातील परिस्थिती

जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर, चाळीसगाव यांसारख्या शहरांत मोबाइल इंटरनेट आणि फायबर जोडण्या उपलब्ध आहेत. चोपडा, यावल व रावेर तालुक्यांचा सातपुड्यालगतचा पट्टा, शिरपूर तालुक्याचा उत्तर भाग आणि साक्री तालुक्याचा पश्चिमेकडील डोंगराळ भाग येथे चित्र बदलते. पावरा, भिल्ल, तडवी, कोकणी, मावची अशा समाजांतील अनेक विद्यार्थी याच भागांतून येतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांच्या घरातील ती पहिलीच महाविद्यालयीन पिढी असते. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत अंतर आणि उंचसखल भूभाग यांमुळे अडचण आणखी वाढते. टाळेबंदीत वसतिगृहे बंद झाल्यावर शहरात शिकणारे विद्यार्थी नेमके याच गावांत परतले. संपर्कासाठी टेकडीवर किंवा झाडाखाली जावे लागणाऱ्या परीक्षार्थीला 'बंद खोलीत एकटे बसा' हा नियम लावता येत नाही.

घरांची रचनाही प्रणालीच्या गृहीतकांत बसत नाही. दोन खोल्यांच्या घरात मागून कोणी गेले की 'दुसरा चेहरा' अशी खूण होते. खिडकीसमोर बसल्यास चेहरा काळा दिसतो, आणि कौलारू घरातील अंधारात प्रणालीला चेहरा सापडतच नाही. एप्रिल-मेच्या लग्नसराईत गावात वाजणारा बँड ही ध्वनितपासणीची कायमची डोकेदुखी असते. याच महिन्यांत जळगावचा पारा अनेकदा ४४-४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या छताखाली सलग कॅमेरा चालवणारा स्वस्त फोन तापून मंदावतो किंवा बंद पडतो. ऊसतोडीसाठी किंवा गुजरातेत मजुरीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील विद्यार्थ्याचा परीक्षेच्या वेळचा पत्ता आवेदनपत्रातील पत्त्याशी जुळेलच असे नाही. भाषेचा मुद्दा लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे. घरात अहिराणी, पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलीला पर्यवेक्षकाने इंग्रजीत पाठवलेली ताकीद घाबरवते, तिचा अर्थ कळत नाही. सूचना मराठीत आणि आधीच ठरवलेल्या साध्या वाक्यांत असाव्या लागतात.

या सर्वांवरचा व्यवहार्य उपाय म्हणजे जवळच्या महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा हे ऐच्छिक केंद्र म्हणून खुले ठेवणे. तेथे जनित्र, वायरची जोडणी आणि प्रत्यक्ष पर्यवेक्षक मिळतो. पण हा पर्याय परीक्षार्थीला आधी निवडता आला पाहिजे आणि परीक्षेच्या दिवशी घरची जोडणी कोलमडली तर दुसऱ्या सत्रात केंद्रावर येण्याची मुभा राहिली पाहिजे. अन्यथा तो केवळ कागदावर राहतो.

पुरावा आणि चौकशी

वर्गात कॉपी पकडली जाते तेव्हा चिठ्ठी हाती लागते, पर्यवेक्षक पंचनाम्यासारखी नोंद करतो, परीक्षार्थीचा जबाब घेतला जातो. दूरस्थ परीक्षेत हाती लागते ती बहुधा एक खूण आणि काही सेकंदांची चित्रफीत. नजर बाजूला गेली, ओठ हलले, चित्र तीन मिनिटे गेले: यांपैकी एकही गोष्ट स्वतः गैरप्रकार नाही. प्रश्न ओठ हलवत वाचण्याची सवय अनेकांना असते.

तुटलेल्या जोडणीचे मात्र स्वतंत्र माग राहतात. ॲप दर काही सेकंदांनी सर्व्हरला हजेरी देत असेल, तर ती कधी थांबली हे कळते. जोडणीचा प्रकार ४जी वरून २जी वर घसरला का, बॅटरी किती टक्क्यांवर होती, त्याच वेळी त्याच परिसरातील इतर परीक्षार्थीही गेले का, या नोंदी एकत्र पाहिल्या की चित्र बरेच स्पष्ट होते. एकाच गावातील पाच जण एकाच मिनिटाला नाहीसे झाले तर कारण टॉवर किंवा वीज असण्याची शक्यता अधिक. एकटाच परीक्षार्थी चार वेळा गेला आणि प्रत्येक वेळी परतल्यावर त्याने अवघड प्रश्न झपाट्याने सोडवले, तर चौकशीला आधार मिळतो. तोही निव्वळ चौकशीला, शिक्षेला नव्हे. या नोंदी ठेवण्याची अट पुरवठादाराच्या करारात नसेल तर त्या नंतर मिळत नाहीत. निविदांमध्ये चेहरा ओळखण्याच्या वैशिष्ट्यांची रकाने भरून यादी असते, ही अट मात्र सहज राहून जाते.

महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांसाठी १९८२ चा स्वतंत्र अधिनियम आहे. विद्यापीठ पातळीवर परीक्षार्थीला नोटीस देऊन, त्याचे म्हणणे ऐकून चौकशी समिती शिफारस करते. नैसर्गिक न्यायाचे हे तत्त्व दूरस्थ परीक्षेलाही लागू पडते. त्याचा व्यावहारिक अर्थ असा की आरोपाचा आधार असलेली चित्रफीत परीक्षार्थीला दाखवली पाहिजे, आणि प्रणालीने दिलेला 'संशयगुण' हा निर्णयाचा आधार ठरता कामा नये.

न्यायालयीन निर्णय आणि खाजगीपणा

भारतातील सर्वांत ठळक प्रकरण बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये या संस्थेने सामायिक प्रवेश परीक्षेतून बाहेर पडून घरून द्यावयाची, दूरस्थ पर्यवेक्षणाची स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेतली. सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२० रोजी ती रद्द केली. घरून होणाऱ्या अशा परीक्षेची पारदर्शकता आणि साधने नसलेल्या उमेदवारांची झालेली अडचण हे मुद्दे त्या निकालात होते. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्याच पाहिजेत, असे महिनाभरापूर्वी सांगणारे न्यायपीठही हेच होते.

अन्य देशांत निर्णय संमिश्र आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने जून २०२० मध्ये तेथील विद्यापीठाला पर्यवेक्षण सॉफ्टवेअर वापरण्यास परवानगी दिली. अमेरिकेतील ओहायो राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये संघीय न्यायालयाने क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या खोलीची कॅमेऱ्याने केलेली पाहणी घटनाबाह्य ठरवली. भारतात २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणा हा मूलभूत अधिकार मानला आहे, आणि वैयक्तिक विदेविषयी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम आहे. मुद्रण किती दिवस ठेवायचे, ते पुरवठादाराकडे राहील की विद्यापीठाकडे, विद्यार्थिनींच्या घरातील चित्रण कोण पाहू शकेल, हे परीक्षेच्या परिपत्रकातच लिहिलेले असणे अपेक्षित आहे.

सद्यस्थिती

२०२२ च्या उन्हाळी सत्रात राज्यातील विद्यापीठे पुन्हा वर्गातील लेखी परीक्षांकडे वळली. ऑनलाइन परीक्षा चालू ठेवण्याची मागणी करत विद्यार्थ्यांनी त्या वेळी ठिकठिकाणी आंदोलने केली होती. दूरस्थ थेट पर्यवेक्षण आता प्रामुख्याने प्रमाणपत्र अभ्यासक्रम, काही खाजगी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षा आणि नोकरभरतीच्या चाचण्यांत वापरले जाते.