गजापासून मॅगझिनपर्यंत

भरवेली म्हटलं की मँगनीजची खाण आठवते. खाण येण्याआधी मात्र बालाघाट-मंडल्याच्या या पट्ट्याचं नाव होतं ते सालवनं आणि शिकार यांच्यामुळे. मध्य प्रांताच्या जंगलांत तेव्हा कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा अधिकारी हिंडत असे. १८७१ साली निघालेलं त्याचं ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ जंगलवेड्यांना ठाऊक असतं. त्याच्या आठेक वर्षं आधी त्यानं शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. ते कुणी उघडत नाही. नळीतल्या खाचांना पीळ कमी, गोळी वाटोळी आणि दारू भरपूर, हा त्याचा आग्रह.

त्या काळची बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी वर ठेवायची आणि गजानं खाली रेटायची. रेटायची किती? दारूला पक्की टेकेपर्यंत. मध्ये पोकळी राहिली तर बार उडताना नळी फुगते, क्वचित फाटतेही. म्हणून जाणते शिकारी गजावर खूण करून ठेवत: खूण नळीच्या तोंडाशी आली की गोळी जागेवर बसली. गोळी किती खोल बसवायची या प्रश्नाचा मूळपुरुष हा गज.

पितळी काडतूस आलं आणि हा निर्णय शिकाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेला. पुढे रायफलीला मॅगझिन जोडलं गेलं आणि काडतुसाची लांबी त्या डब्यानं ठरवली. पॉइंट थ्री नॉट थ्रीचं काडतूस जास्तीत जास्त ७८ मिलिमीटर, ७.६२ नाटोचं ७१. चीन युद्धानंतर इशापूरच्या कारखान्यानं जुन्या ली-एनफिल्डच्या घडणीची रायफल ७.६२साठी केली, तेव्हा मॅगझिनही बदलावं लागलं. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, भुसावळजवळच्या वरणगावचा १९६४चा. अशा कारखान्यांत लांबी ठरलेली. त्यात वाद नाही.

वाद घातला तो हौशी नेमबाजांनी. अमेरिकेत रिकाम्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. त्यांचं म्हणणं असं, की कारखाना सगळ्या रायफलींसाठी एकच माप धरतो. माझ्या नळीत गोळी खाचांपासून जरा लांबच राहते आणि ती मोकळी उडी घेताना तिरकी होऊ शकते. म्हणून गोळी थोडी बाहेर ठेवायची. म्हणणं खोटं नाही, पण जागा चिमूटभर. गोळी खाचांना भिडवली तर दाब एकदम चढतो. शिवाय न झाडता काडतूस बाहेर काढावं, तर गोळी नळीतच अडकते आणि दारू यंत्रात सांडते. उलट फार खोल बसवली तर पुंगळीतली जागा घटते आणि पुन्हा दाबच वाढतो. नव्या निमुळत्या गोळीसाठी जुनं माप चालेलच असंही नाही, कारण मोजपट्टी टोकापर्यंत मोजते आणि खाचांना भिडतो तो गोळीचा खांदा.

भारतात ही हौस परवान्यावाचून करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात दारूगोळा बनवणंही येतं. आमच्या नेमबाजांचं त्यावाचून फारसं अडलेलंही नाही. २०२४ साली पॅरिसला कांस्य मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचा ५० मीटरचा प्रकार ०.२२च्या काडतुसांवर चालतो. त्यांचा स्फोटक मसाला कडेच्या घडीत असतो, त्यामुळे ती पुन्हा भरायची सोयच नाही. तिथं नेमबाज लांबी बदलत नाही. वेगवेगळ्या घाण्यांतली काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून पाहतो आणि जी नेमकी बसतात तीच घेतो.

ठासणीची बंदूक मात्र अजून संपलेली नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी तिचे परवाने आहेत. आजोबांच्या वेळची अशी बंदूक तुमच्याही घरात असेल, तर ती रिकामी आहे असं धरून चालू नका. ठासलेला बार बाहेरून दिसत नाही. तोंड नळीपुढे नेऊ नका, बार पेटवणारी टोपी चढवून पाहू नका. परवानाधारक शस्त्रकारागिराकडून ती आधी तपासून घ्या.